ध्वनिदर्शक

"कसा येते आवाज?" रूपचंद मिस्त्रीनं विचारलं,
"करून दाखवा."

दारव्हा फाटा, मे महिना, दुपारचे पावणेदोन.
निंबाखाली बॉनेट उघडं टाकून उभी माझी जुनी गाडी,
आणि मी, एकवीस वर्षं मराठी शिकवणारी बाई,
घंटेचा घणघणाट, पैंजणांची छुमछुम,
नाण्यांचा छनछनाट
झोपेतही जोड्या लावणारी,
ओठ मिटून.

"म्हणजे… खरखर."
"डब्यात खडे हलवल्यावानी, का जात्यावानी?"
"नाही. थोडी कुरकुर. मग एक टक्."
पंक्चरवाला हसला.
चहा पिणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं आपल्या मनानं
एक घर्रर्र देऊन पाहिली.
"तसं नाही," मी म्हटलं. "तसं असतं तर बरं होतं."

पंधरा दिवस हा आवाज मी रेडिओखाली दाबला होता.
चढावर तो वर यायचा,
मी गाणं मोठं करायची.
नवरा म्हणे, थंड लागते ना? मंग आवाजाशी काय करा लागते.
थंड लागत होतं. आवाजही येत होता.

मिस्त्रीनं लांब पेचकस घेतला,
टोक कॉम्प्रेसरवर, मूठ कानामागच्या हाडावर,
आणि डोळे मिटले.
फाटा गप्प झाला असं मला वाटलं; झाला नव्हता.
पुसदची बस उभी होती, हॉटेलातला कूलर पाणी ओढत होता.
"एसी बंद." केला.
"लावा." टक्.
"बंद."
सात वेळा तरी.

तेवढ्यात शेजारच्या जीपखालून निघाला अंकुश,
कोपरापर्यंत काळा.
तिसरीत होता माझ्याकडे. ध्वनिदर्शक शब्दांत दहापैकी दोन.
पालीची चुकचुक, तिथं त्यानं 'च्यॅक' लिहिलं होतं
आणि मी लाल रेघ मारली होती.
खिडकीतून वाकून त्यानं पंखा एकवर, दोनवर, चारवर फिरवला.
"एक नाही, मॅडम. दोन हायत."

मग तोंडानं केले.
पहिला घशातून, कोरडा, एसीसोबत येणारा-जाणारा.
दुसरा गालाच्या आतून, पातळ,
पंखा वाढला की वाढणारा.
सुटे केल्यावर दोन्ही किती साधे होते.
शब्द त्यांना नव्हते. पुस्तकात तरी नव्हते.

डॅशबोर्डाखालचा खण काढला.
ब्लोअरच्या पिंजऱ्यातून निघाला एक बोळा:
सरकीसकट कापूस, निंबाच्या काड्या,
माझ्याच कुठल्यातरी हजेरीपटाचा कुरतडलेला कोपरा.
उंदराचं घर. रिकामं, सुदैवानं.

"हे झालं फुकट," मिस्त्री म्हणाला.
"दुसरं बेअरिंगचं. साडेतीन हजार धरा.
यवतमाळहून बलावा लागते."
"तोवर चालवू?"
"चालवा ना. पण रेडिओ नोका लावू.
वाढला आवाज, त तुमाले समजलं पाह्यजे."

अंकुशला काय बोलावं सुचलं नाही.
तोही हात पुसत दुसऱ्याच गाडीकडे पाहत होता.

परतताना काचा बंद, गारवा, आणि तो एकटा आवाज.
दोन्हीकडे नांगरून पडलेली काळी वावरं.
मी जीभ टाळूला लावून पाहिली. नाही.
घसा जरा आवळून. नाही.
धुऱ्यावरच्या गुराख्यानं पाहिलं बहुतेक,
एक बाई गाडीत एकटीच तोंडं वाकडी करतेय.
दिग्रसच्या अलीकडे
च्यॅक
पालीचा मात्र आला, अगदी बरोबर.