घंटेची कड

रोडेलचा फोन आला तेव्हा मी
नातवाच्या सायकलची चेन बसवत होतो.
हात काळे. कोपराने फोन घेतला.
आधी नुसती डोकी दिसली, मग छत्र्या,
मग रोडेलचा घामेजलेला अर्धा चेहरा.
"बोसन, ऐक," म्हणाला आणि फोन वर धरला.

घण्ण.

तुटत तुटत आला आवाज,
समार बेटावरून चेंदणी कोळीवाड्यात,
पण आला.
एकशे सतरा वर्षांनी घंटा घरी आल्या होत्या.

चौदा महिने आम्ही एका जहाजावर होतो,
मी डेकवर, तो खाली इंजिनाला तेल पाजणारा.
मी सुकट भाजली की वासाच्या मागे मागे वर यायचा,
म्हणायचा, ही माझी आई आहे.
मलाक्काच्या अलीकडे एका रात्री
त्याने चहाच्या खोक्याच्या पाठीवर भागाकार मांडला:
स्पेनने आमची बेटं अमेरिकेला विकली,
दोन कोटी डॉलर.
माणसं सत्तर-ऐंशी लाख.
"माझी पणजी अडीच डॉलरला गेली, बोसन.
तिला कळलंसुद्धा नाही."

मी हसलो. वाटलं, तोही हसेल.
आमच्या धक्क्यावर बायका लिलाव पुकारतात
तेव्हा पाटीतल्या घोळीला कोण विचारतं,
असं काहीतरी बोललो.
तो म्हणाला, घोळ मेलेली असते.

मग त्याने सांगितलं,
गावात सांगतात तसं, मधूनच विसरत:
गोरे आले ते मित्र म्हणूनच आले,
रस्ते करू, शाळा काढू, तुम्हाला माणसात आणू.
मग पुरुषांना तंबूत कोंडलं,
भाताची कोठारं रिकामी केली.
एका सकाळी, शिपाई न्याहारीला बसले असताना,
चर्चची घंटा वाजली
आणि गाव कोयते घेऊन उठलं.
त्यानंतर हुकूम निघाला.
बेट ओसाड करा.
दहा वर्षांच्या वरचा,
हत्यार धरू शकेल असा, एकही ठेवू नका.
सगळं जाळून झाल्यावर तीन घंटा उतरवून नेल्या.
"घंटेनं काय केलं होतं?" मी विचारलं.
"वाजली होती."

मंथन चेन फिरवून बघत होता.
गेल्याच आठवड्यात त्याने केकवरच्या
नऊ मेणबत्त्या एका दमात विझवल्या,
दहावी राहिली, ती मी विझवली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी,
मामाच्या गावच्या देवळात गेलो.
तिथली घंटा माझ्या लहानपणी फार उंच होती,
मामा काखेत धरून उचलायचा,
"आपल्या मानसांनी वसईवरशी जिकून आनली,"
सांगताना त्याची छाती फुगायची.
माझीही.
काल पहिल्यांदा चष्मा लावून बघितलं,
कडेवरून बोट फिरवलं.
तेलकट काजळीखाली अक्षरं होती.
एक क्रूस, नखाएवढा, झिजलेला.
कुठल्या गावची, कुणाच्या लग्नात वाजलेली,
मला ती लिपी वाचता येत नाही.

ती लढाई वेगळी, म्हटलं.
किल्ला फिरंग्यांचा, जुलूम त्यांचाच.
रोडेलला हे कसं सांगायचं
त्याची इंग्रजी वाक्यं जुळवत राहिलो,
खलाशांची इंग्रजी, तीत
दोर, तेल, जेवण, वादळ एवढंच नीट बसतं.
घंटा ओतली तेव्हा पैसे दिले असतील कोणीतरी,
कोळणींनीसुद्धा, पाटीतले चार चार पैसे.
ते वसईत अजून मोजतात का वर्षं?

"काका, वाजवायची नसेल तर सरका जरा."
मागे एक बाई, हातात नारळ.
मी सरकलो.
तिने वाजवली. चांगली वाजते.

रात्री रोडेलचा मेसेज:
काल नीट ऐकू आली ना?
मी लिहिलं, आली.
पुढे बरंच काही लिहीत गेलो,
मग ते पुसलं,
आणि नुसता अंगठा पाठवला.