आवाज वगळून

शिरोलीच्या फाउंड्रीत मी दिवसभर
कास्टिंगची वजनं वहीत उतरवतो.
रात्री साडेदहाला, शेजारच्यांचं वायफाय मोकळं झालं
की कोल्हापूर विकायला बसतो.

पुष्कळसं परत येतं.
रंकाळ्यावरची संध्याकाळ : असे आमच्याकडे फार आहेत.
गुऱ्हाळाची काहील : वाफेमुळे फोकस धूसर.
तालमीतला पोरगा, खांद्यावर तांबडी माती,
मागच्या भिंतीवर सिमेंटची जाहिरात दिसते म्हणून नामंजूर.
एकदा कंटाळून घरातला तांब्या
पांढऱ्या कागदावर ठेवून काढला,
तर तोच खपला. पोर्तुगालात कुणीतरी घेतला.
काय करत असेल तो आमच्या तांब्याचं?

श्रीपती व्हटकरांचे हात मात्र पहिल्या फटक्यात पास झाले.
सुभाषनगरात, त्यांच्या दुकानाच्या पायरीवर,
सकाळी आठचं ऊन तिरपं आलेलं,
रापी, कातडं, आणि डाव्या अंगठ्याचं नख
मधोमध चिरलेलं. चाळीस वर्षांपूर्वी रापी निसटली होती.
मॉडेल रिलीजचा कागद मी पुढं केला.
'काय लिवलंय?'
'तुमचे हात कुणीही वापरू शकतं, असं.'
'वापरू दे की. मी तर रोजच वापरतोय.'
सही करताना मात्र चष्मा लावला,
मराठीत, पूर्ण नाव, वडलांसकट.

मग कीवर्ड. पन्नासपर्यंत देता येतात.
हात, चामडं, कारागीर, म्हातारा, भारत...
सव्विसावा सुचेना, तेव्हा मी
गरिबी टाकलं.
खोटं कशाला बोलू,
सुचेना म्हणून नाही,
खपतं म्हणून टाकलं.

तीन महिन्यांत अकरा डाउनलोड.
तीन डॉलर आणि वर काही सेंट,
तेही पंचवीस झाल्याशिवाय हातात पडत नाहीत.
त्यांचा वाटा मी पगारातून दिला, शंभराची नोट.
त्यांनी ती उजेडात धरून बघितली, सवयीनं.

एका मंगळवारी त्यांच्याच शटरखालून
एक पत्रक आत सरकलं.
कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं. 'अडचणीत आहात?'
आणि खाली ते हात.
रापी काढून टाकलेली. कातडं पुसलेलं.
नुसते दोन हात, काहीतरी मागत असल्यासारखे.

निरोप आला तसा गेलो.
ते कागदावरच्या नखावर खरं नख टेकवून बसले होते.
'ह्यो माझाच अंगठा.'
'होय काका.'
'माझाच अंगठा दावून मलाच कर्ज देत्यात व्हय रं?'
आणि हसले. आतनं सुनेला बोलावून दाखवलं,
समोरचा शिंपी आला, तोही हसला.
मी हसलो नाही असं नाही.

त्या रात्री तो शब्द काढला.
पुढच्या दोन महिन्यांत एक डाउनलोड.

नंतर त्यांनीच बोलावलं.
'आता चालतानाचं काढ. मागत बसल्यालं नको.'
पायात स्वतः शिवलेली जोडी,
तळाच्या पदरांत विंचू घातलेली.
मोबाईल विटेला टेकवला,
आणि गल्लीतनं ते असे आले
की मधोमध झोपलेलं कुत्रं उठून बाजूला झालं.
कर्र. कर्र. कर्र.
चौदा सेकंद.

व्हिडिओ पास झाला,
नियमाप्रमाणे आवाज वगळून.
तिथं ते मुके चालतात, एकोणऐंशी डॉलरला.
अजून कुणी घेतलेलं नाही.

मूळ फाइल माझ्याकडे आहे.
वजनं उतरवताना आकडा चुकला
की एका कानात इअरफोन घालतो.
भट्टीची घरघर असते, क्रेनची घंटा असते,
तरी ते लांबून येताना कळतात.