सावलीचे पत्ते

वहीत पत्त्याचा रकाना आहे.
सिव्हिलची सवय, छत्तीस वर्षांची;
निवृत्त झाले तरी रेघा मारल्याशिवाय
पान सुरू करता येत नाही.
नाव, वय, ताप, नाडी. मग पत्ता.

शिदाप्पा. वय साठ (तो चाळीस सांगतो).
सांगली मार्केट यार्ड, हळदीच्या गोदामाची भिंत,
सकाळी पश्चिमेची बाजू, तीननंतर पूर्वेची.
मधल्या वेळात ट्रकखाली.
ट्रक गेला तर पत्ता नाही.

दस्तगीरची रिक्षा. मागच्या सीटवर
पोलिओ लशीची जुनी निळी पेटी, आता तिच्यात बर्फ,
मीठ-साखरेची पाकिटं, बँडेज,
आणि बीपीचं यंत्र, ज्याचा पट्टा मीच दोनदा शिवलाय.
आज बेचाळीस, दस्तगीर सांगतो.
ते बेचाळीस सावलीत मोजतात म्हणे,
पांढऱ्या लाकडी पेटीत, वारा खेळेल अशा जागी.
पाऱ्यालासुद्धा घर असतं.

पुलाखाली गिरजाक्का.
खांबावर पुराची रेघ, मान मोडून बघावी इतकी उंच.
ती बोट दाखवते: तितं हुतं पानी. घर त्यातच गेलं.
मग विचारते,
बाई, घोटभर हाय का?
अर्धा ग्लास पिते, अर्धा पायाच्या जखमेवर ओतते.
मी ओरडते.
ओरडायचं नसतं, हे मला अजून जमत नाही.

शिदाप्पाचे तळवे पहिल्यांदा पाहिले
तेव्हा मी वहीत लिहिलं होतं: कावीळ?
तो पोट धरून हसला.
हळद हाय ती बाई, पोती उचलून उचलून.
आई म्हनायची, ह्या पोराला हळद कवा लागायची?
लागली बगा. तीस वरसं झाली, निघंना.

मंगळवारी ट्रक नव्हता.
तो भिंतीपाशीच होता, पश्चिमेच्या बाजूला, दुपारचे दोन.
सावली त्याच्यावरून सरकून गेली होती
आणि तो सरकला नव्हता.
अंगावर घामाचा थेंब नाही,
कातडी कोरडी, खळ्यावर वाळणाऱ्या हळकुंडासारखी.
ओठ हलत होते. दस्तगीरला कानडी येतं,
तो वाकला, ऐकलं, म्हणाला:
पोती मोजतोय. एकशेबारा, एकशेतेरा.
काखेतला पारा एकशेपाच.

बर्फ मानेखाली, काखेत, जांघेत.
सदरा मी कात्रीनं कापला, त्याचा एकुलता सदरा.
हमालांनी रिकामी पोती नळाखाली भिजवून आणली,
दोघांनी धरून वारा घातला,
आणि पोत्यांतलं पाणी पिवळं होऊन
त्याच्या छातीवरून, पोटावरून ओघळलं.
लागली रे हळद, कुणीतरी म्हणालं.
कुणी हसलं नाही.

एकशेआठची गाडी बावीस मिनिटांनी आली.
मी घड्याळ बघते. तेवढं तरी करता येतं.

सिव्हिलच्या खिडकीत नवी पोरगी.
पत्ता?
मी सांगितला, दोन्ही बाजूंचा, वेळेसकट.
तिचं पेन थांबलं. तिचा राग आला नाही,
त्याच खिडकीच्या आत बसून मीही कितीदा
'फिरस्ता' लिहून पुढच्याला हाक मारलीय.
तिने 'मार्केट यार्ड' एवढंच लिहिलं.
बाकीचं रकान्यात मावत नव्हतं.

रात्री साडेनऊला त्याच्या वरच्या ओठावर
बारीक घाम फुटला.
मी पदरानं टिपणार होते.
टिपला नाही. बघत राहिले.

माझ्या वहीत पाच दिवस त्याचा पत्ता होता
वॉर्ड सात, खाट एकोणीस, पंख्याखाली.
सहाव्या दिवशी खोडला.

आता पुन्हा भिंत. सदरा दस्तगीरचा, खांद्यात सैल.
बाई, तुमी माझा सदरा फाडला, तो भेटेल त्याला सांगतो.
दोन वाजता नाही, आम्ही आता पाऊणलाच पोचतो.
सावली अजून त्याच्या पायाशी असते,
आणि ती हलायच्या आत
आम्ही त्याला हलवतो.