नव्वद मिनिटं

मी सहारच्या कार्गोत, रात्रपाळीला.
सकाळी सव्वासातला कन्नमवार नगरात उतरतो
तेव्हा माझा कालचा दिवस अजून व्हायचा असतो.
तो डब्यात असतो. काळा, चपटा डबा,
हात लावला तर झोपलेल्या मांजराइतका गरम.
पुढे तांबडा ठिपका.

मॅच कोण जिंकलं ते अख्ख्या कॉलनीला ठाऊक.
मी मान खाली घालून जिना चढतो,
इस्त्रीवाल्याकडे बघत नाही,
परुळेकरांच्या दारावरून तर
सुतक असल्यासारखा जातो.
एकदा त्यांचं कार्टं ओरडलंच वरून,
"काका, दोन रननी हरलो!"
तरी सगळी बघितली मी.
शेवटच्या षटकात हातसुद्धा जोडले.
कुंदा चहा गाळता गाळता म्हणाली,
रात्रीच आटपलेल्या कामासाठी
देवाला आत्ता कशाला उठवता?

तिची मालिका साडेआठची. ती वेळेवर बघते,
मग सकाळी माझ्याबरोबर पुन्हा.
कळू देत नाही काही. ओठ घट्ट.
पण नायिकेच्या मिनिटभर आधी
हिचेच डोळे भरतात
आणि मला कळतं, आता पत्र सापडणार.

डिश ग्रिलला, टॉवेलांच्या दोरीशेजारी.
बसवायला आलेला नौशाद म्हणाला होता,
उपग्रह आग्नेयेला, हिला धक्का लावू नका.
आग्नेय म्हणजे चुलीची दिशा;
कुंदाला लगेच पटलं.
आता तिकडेच टॉवर उठतोय,
मधे दहा पावलांची गल्ली.
नववा स्लॅब पडला त्या आठवड्यात
बातम्या देणाऱ्या बाईची हनुवटी चौकोनी झाली.
बिल्डरच्या माणसाला विचारलं, किती मजले?
तेवीस, म्हणाला, आणि पेढा दिला.

त्या मंगळवारी फोन आला चिपळूणहून.
कुंदाने पॉज दाबलं.
पडद्यावर नायिकेचा हात कडीवर,
बाहेर कोण, ते कळायचं होतं.
कुंदा तशीच उठली. पिशवी, कुलूप, रात्रीची एसटी.
मला कार्गोत तिचा फोन:
"दूध फ्रीजमध्ये आहे. दादा गेला."

डबा नव्वद मिनिटं थांबतो. कंपनीचा नियम.
मग कुणाला न विचारता पुढे चालू लागतो.
म्हणजे दहाच्या सुमाराला कडी निघाली असणार.
पंखा, ताटलीत अर्धवट सोललेला लसूण,
खुर्चीवर तिचा चष्मा,
एवढ्यांनी पाहिलं कोण आलं ते.
सकाळी मी दार उघडलं
तर कुणीतरी मोठ्या आनंदाने तवे विकत होतं.

तेरा दिवस मी मॅच लावली नाही.
परुळेकरांकडून निकाल विचारून घ्यायचो,
भाजीचा भाव विचारावा तसा.
ठिपका मात्र रोज साडेआठला पेटत राहिला असणार;
मी तेव्हा कुणाच्या तरी आंब्यांच्या पेट्या मोजत होतो.
एक्क्याऐंशी टक्के. चौऱ्याऐंशी. सत्त्याऐंशी.

ती आली, बारीक होऊन आली.
पिशवीतून कोकमं काढली, दादाचं घड्याळ काढलं,
घड्याळ चालू होतं.
संध्याकाळी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, म्हणाली,
तुम्ही बघितलंत पुढचं?
नाही म्हटलं.
मग लावा.

मी लावलं. पत्र, पाऊल, दार.
मी चोरून तिच्या डोळ्यांकडे बघितलं,
नेहमीची खूण मिळते का म्हणून.
तिलाही माहीत नव्हतं.
नायिकेचा हात कडीवर गेला
आणि कुंदाने रिमोट घेऊन पॉज दाबलं.
"लसूण सोलते आधी," म्हणाली.

मी घड्याळाकडे बघायला लागलो.
मग आठवलं, हे तर रेकॉर्ड केलेलं,
याला तो नियम नाही.
समोर टॉवरवर दिवा लागला, कुणीतरी सळया कापत होतं.
ती बाई दाराशी उभी राहिली
भात होईपर्यंत,
आणि नंतरही बराच वेळ.