उत्तरेची भिंत सोडून

गद्रेकाकांचं घर दौलतगंजात, तिसरा मजला,
वर थेट पटिया. ग्वाल्हेरचा दगड,
दिवसभर ऊन उधार घेतो
आणि रात्री दोन वाजता फेडतो, व्याजासकट,
झोपलेल्या माणसाच्या तोंडावर.

छताला खालून थर्मामीटर लावला.
एक्कावन्न.
"चहा टाकू?" काका म्हणाले.
मी म्हटलं, पाणीच द्या.

मग पिशवीतून नमुने काढून
बांगडीवाल्यासारखे टेबलावर मांडले.
हे थर्माकोल. स्वस्त. पण उंदराला आवडतं,
आणि आगीला त्याहून जास्त.
ही काचेची लोकर. थांबा, हात नका लावू,
रात्रभर खाजवत बसाल.
माझ्या वडिलांनी मालनपूरच्या कोल्ड स्टोरेजात
वीस वर्षं हीच भरली.
बटाटे गार राहिले.
वडील भर मे महिन्यात
बाहीची बटणं लावून फिरायचे.
ही दगडाची लोकर: दगड वितळवून
म्हातारीच्या केसांसारखा काततात.
जळत नाही. आवाजसुद्धा पिऊन टाकते.
आणि हा पिवळा फेस, फवारला की फुगतो,
जास्त आंबलेलं पीठ
पातेल्याबाहेर यावं तसा.

काकांनी एकेक तुकडा दाबला, हुंगला,
लोकरीलाही बोट लावलंच.
"यात नक्की काम कोण करतं?"
"हवा," मी म्हटलं. "आत अडकलेली.
ती हलली नाही की झालं."
"म्हणजे माझ्यासारखी,"
असं म्हणून ते हसतील असं वाटलं.
हसले नाहीत.

गच्चीवर शरीफ मिस्त्री चवड्यांवर बसून
पटियांच्या सांध्यांतून नख फिरवत होता.
त्याचं म्हणणं, उपडी मडकी रांगेनं,
वर चुना-सुरखी, वर फुटक्या फरशीचे पांढरे तुकडे.
"मडक्याच्या पोटात ऊन झोपून जातं, बेटी."
हिशेब केला: तीनशे मडकी.
पण त्याचा कुंभार आता
फक्त पणत्या करतो आणि गल्ले.
तेव्हा मडक्यांच्या जागी फेसाच्या लाद्या.
पांढरे तुकडे मात्र त्याचेच राहिले.

पश्चिमेची भिंत: दगडाची लोकर, वर बोर्ड.
पूर्वेची खिडकी: वाळ्याचा पडदा.
उत्तरेची भिंत,
मी लिहायला लागले, आणि काका म्हणाले,
"ती नको."

पलीकडे रामसनेही राठौरची गच्ची,
पत्र्याखाली भट्टी.
दिवाळी सरली की पहाटे चारला
गुळाचा पाक चढतो,
मग तीळ घालून चार माणसं लाकडी हातोड्यांनी
गजक कुटतात, उजाडेपर्यंत.
काकूंनी महापालिकेत दोनदा तक्रार दिली होती,
मोत्यासारख्या अक्षरात.
कार्बन कॉपी अजून खणात आहेत, काकांनी दाखवल्या.

"ती गेली त्या थंडीत
एका पहाटे उठलो, तोल गेला,
भिंतीला हात टेकला.
कोमट होती."

मी म्हटलं, काका, शास्त्र सांगते.
जानेवारीत या भिंतीतून
खोलीची बरीच ऊब बाहेर जाते.
"जात नाही," काका म्हणाले. "येते."

यावर माझ्याकडे नमुना नव्हता.
कोटेशनमध्ये लिहिलं:
उत्तर भिंत वगळली, ग्राहकाच्या इच्छेनुसार.
शेवटी एकूण रक्कम
त्यातून अकरा हजार वजा.

उरलेले पैसे घ्यायला जानेवारीत गेले,
पहाटेच्या शताब्दीच्या आधी.
बाहेर धुकं इतकं, की जिन्याची पायरी
पायानं शोधावी लागत होती.
आत काका उत्तरेला पाठ टेकून
नोटा मोजत होते, चुकत होते,
पुन्हा पहिल्यापासून.
उन्हाळ्यात छत कसं वाटलं, विचारलं.
"बरं वाटलं," म्हणाले, "झोप लागली."

पावती टेबलावर ठेवून सही करायला घेतली.
टेबल भिंतीला लागून,
पलीकडे चार हातोडे.
सही जरा वाकडी आली.