टोकन पुसल्यावर

विभागामागच्या स्टँडवर खळदकर विचारतात,
"पाच वर्षं मोजताय तरी काय, ताई?"
रांग, म्हटलं. न संपणारी.
टोकन प्रत्येकीला आहे,
पण टोकनं पुसली तर
कोण कोणती हे सांगायला
किती खोल विचारावं लागेल, तेवढंच.

ते दोन काळ्या सायकलींकडे बघतात.
"ही हेंद्र्यांची. शेजारी कायम लेडीज,
अन् त्या लेडीजच्या पलीकडे मोडक्या घंटीची."
प्रश्नाच्या पोटात प्रश्न.
मी बोटं मोजते: दोन.

"आणि सगळे प्रश्न विचारून झाले, तरी सारख्याच?"
सगळ्यांनंतरही पायरी असते. ओमेगा.
मग ओमेगा अधिक एक.

ते चेनला तेल सोडतात.
गणेशखिंडीवर दिवे लागतात.
"तिथंही सारख्याच?"
माझं चौथं प्रकरण इथंच अडलंय.

"मग कुणीही कुठलीही न्यावी," ते म्हणतात,
"घरी पोचल्याशी कारण."