दार नंबर एकवीस

रात्रीचे सव्वादोन. चिलोए बेटावर, कास्त्रोत,
भरती-ओहोटी मोजणारी कचेरी.
शेगडीत ओलं लाकूड धुमसतंय
आणि रोसाउरो नावेल्किन
अकरा दिवसांचा समुद्र
वाल्पाराइसोला पाठवू बघतोय.

एकवीस नंबरचं दार लगेच उघडतं.
नाव विचारतात, सांगतो. परवलीचा शब्द, तोही पटतो.
‘या’ म्हणतात.
मग तो म्हणतो, हे घ्या,
आणि पलीकडे मिठाची गुळणी.

फोनवर ओर्तेन्सियाबाई, जांभई आवरत:
‘अरे, पत्ता कुठला दिलास?
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट...
हे तुझं घरातलं नाव झालं,
आई हाक मारते ते.
त्या नावानं इथून कुणी विचारत आलं
तर सापडशील का?
आणि सापडलास तरी तुझ्याच फाटकावरचा राखणदार
आम्हाला हाकलून देईल.
त्याचा काय दोष?
आतून बोलावणं गेलंय
हे त्याला सांगितलंय कुणी?’

रोसाउरोला आठवलं ते घर.
तो सहा वर्षांचा असताना
सोळा बैलांनी ओढून नेलं होतं,
सबंध, पडद्यांसकट,
ओंडक्यांवरून घसरत खाडीच्या त्या अंगाला.
गावानं खांदा दिला, मग शिंपले-बटाट्यांचं जेवण.
थोरल्या भावाची पत्रं मात्र
वर्षभर जुन्याच जागी येत राहिली,
चार खुंट आणि चिखलाच्या पत्त्यावर.
पोस्टमन शिट्टी वाजवायचा,
थोडं थांबायचा,
निघून जायचा.

‘मग उलटं करू,’ बाई म्हणाल्या.
‘तू बोलावू नकोस. दार मी उघडते, तू ये.’
आणि घाईत त्यांच्या यंत्रानंही
घरातलंच नाव सांगितलं.
दोघं हसले.
बाहेरचं नाव लिहिलं. दार पन्नास हजार एकशे तीन.
तो गेला. दार होतं.

चाळीस मिनिटं समुद्र जात राहिला,
चिमटी-चिमटीनं.
तेवढ्या वेळात एकवीस नंबरच्या दाराशी
कुणी शब्द बोललं नाही.
राखणदाराला वाटलं, गेली माणसं.
त्यानं वहीतलं नाव खोडलं.

शेवटचं माप पोचलं.
‘मिळालं’ हा शब्द निघाला
आणि फाटकावर अनोळखी ठरला.

वाल्पाराइसोत बाई दिवा मालवून झोपल्यात.
इथे पडद्यावर अजून: वाट पाहत आहे.
रोसाउरो शेगडीत एक लाकूड सारतो,
बाही वर करतो,
आणि अकरा दिवसांचा समुद्र
पहिल्यापासून पाठवायला घेतो.